धर गं जरा

ओहोटी लागली की कातळवेळच्या शाळेच्या खिडक्यांतून खाडी नाहीशी होई आणि तिच्या जागी चकाकता, विस्तीर्ण चिखल उरे. पाण्याने जाता जाता त्यावर बारीक नागमोडी रेषा ओढलेल्या असत. उन्मेष खातूला त्या रेषा कुणाच्या तरी अर्ध्यावर राहिलेल्या बोलण्यासारख्या वाटत. पूर्वी नकाशे ठेवण्याची जी खोली होती, ती आता समुपदेशन कक्ष झाली होती आणि उन्मेष त्या कक्षाचा समुपदेशक होता. भिंतीवर नकाशांच्या रिकाम्या खुंट्या अजून तशाच होत्या. खिडकीशी वेताच्या दोन खुर्च्या, एक टेबल, आणि टेबलावर नारळाच्या करवंटीएवढे राखाडी यंत्र.

मुलांशी बोलण्यासाठी नेमलेला हा तरुण बोलण्यालाच बिचकत असे. मुख्याध्यापिका मोरे बाईंनी त्याला पहिल्याच महिन्यात सुनावले होते, "खातू सर, तुमच्या कक्षात तुमच्यापेक्षा पंख्याचा आवाज मोठा येतो." त्यावर तो नुसता हसला होता. त्याला वाटे, आपण बोललो नाही तरी चालेल. बोलण्यासाठी यंत्र आहे.

यंत्राचे सरकारी नाव 'उत्तरस्वर'. मुलांनी ते नाव कधीच स्वीकारले नाही. मुली म्हणत, "माझी थोरली." मुलगे म्हणत, "माझा थोरला."

त्यामागचा शोध तसा साधा होता. माणूस अस्वस्थ झाला की त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु अस्वस्थता ओसरताना ठोके ज्या चालीने मूळपदावर येतात, ती चाल ज्याची त्याची असते, बोटांच्या ठशांइतकी निराळी, हे संशोधकांच्या उशिरा ध्यानात आले. कुणाचा क्षोभ कड्यावरून दगड पडावा तसा एकदम उतरतो. कुणाचा थबकत, मागे वळून पाहत. वयाबरोबर ही चाल पालटते, पण झाड वाढताना जसे आपले वळण सोडत नाही, तशी तीही सोडत नाही. बालपणापासून प्रौढपणापर्यंत ज्यांच्या नोंदी साठल्या होत्या, अशा असंख्य माणसांवरून संगणकाने ही वळणे शिकून घेतली. वय वाढताना आवाज कसा खाली उतरतो, याचे गणित आधीच हाती होते. दोन्ही एकत्र आल्यावर, मनगटावरच्या पट्ट्याने वर्षभर टिपलेल्या ठोक्यांतून आणि श्वासांतून, दहावीतल्या मुलाला पंचेचाळिशीतला स्वतःचा आवाज ऐकता येऊ लागला.

त्या आवाजाला भविष्य कळत नसे. तो कुठे राहतो, काय करतो, हे तो सांगू शकत नसे, आणि विचारले तर तसे स्पष्ट बोलून दाखवी. मात्र परीक्षेच्या भीतीने रडकुंडीला आलेल्या पोराशी तो संथपणे बोले. "हो रे, तेव्हा पोटात गोळा यायचा खरा," असे काहीतरी म्हणे, आणि पोराचे खांदे खाली येत. कारण आवाज काय सांगतो यापेक्षा तो आहे, याच गोष्टीने धीर येई. कुणीतरी आपल्याच गळ्याने पुढून बोलत आहे, म्हणजे आपण तिथवर पोचतो, असा अर्थ मुलांनी मनाशी लावून टाकला होता. उन्मेषने तो कधी खोडून काढला नाही. त्यालाही तो हवासा होता.

त्याचाही एक थोरला होता. प्रशिक्षणात प्रत्येक समुपदेशकाला स्वतःचा घडवावा लागे. संध्याकाळी शाळा रिकामी झाली, खाडीवर तांबूस उजेड पसरला, की उन्मेष त्याच्याशी बोलत बसे. थोरला मोकळा होता, हसरा होता. उन्मेषला त्याचा किंचित हेवा वाटे आणि तितकाच आधारही.

खाडीपलीकडच्या वाड्यांतली मुले लाँचने शाळेत येत. लाँचमध्ये बसायला जागा थोडी, म्हणून उभ्या माणसाने आपले सामान बसलेल्याच्या मांडीवर ठेवायचे, ही तिथली जुनी रीत. परवानगी मागायची नाही; फक्त "धर गं जरा" किंवा "धर रे जरा" म्हणायचे. उतरताना आपले आपण उचलायचे. आभार मानायचे नाहीत. मानले तर समोरच्याला ते परकेपणाचे वाटे. उन्मेष नवा होता तेव्हा एका म्हातारीने त्याच्या मांडीवर जिवंत कोंबडा ठेवला होता आणि तो सबंध खाडी पार होईपर्यंत श्वास रोखून बसला होता. सारी लाँच हसली. सर्वांत जास्त हसली ती इंजिनाजवळच्या फळीवर बसलेली एक मुलगी. तिच्या मांडीवर इतकी दप्तरे रचली होती की त्यांवरून केवळ तिचे डोळे दिसत होते.

ती तनया डोर्लेकर, दहावीची. तिचे वडील हंगामभर ट्रॉलरवर असत आणि आई खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचून बाजारात विकी. तनयाही ओहोटीला आईबरोबर उतरे, आणि जिथे कंबरेच्या वर पाणी उरे तिथे बुडी मारून तळातून मूठभर शिंपल्या घेऊन वर येई. एकदा तिने एक शिंपली उन्मेषच्या टेबलावर ठेवली होती.

"सर, ह्या रेघा मोजा. झाडासारख्या असतात. हिचं वय कळतं."

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. बघितलं आणि कळलं. पुढे मी हेच शिकणार आहे."

यंत्राच्या हिशेबाने मात्र ही हसरी मुलगी शाळेतली सर्वांत दुःखी मुलगी होती. दर शनिवारी प्रत्येकाच्या पट्ट्यावरून मनःस्थितीची एक रेषा घरच्यांच्या फोनवर जाई. योजना ज्यांनी आखली त्यांचा हेतू चांगलाच असावा, परंतु रेषा घसरली की कुणाच्या घरी फोन काढून घेतला जाई, कुणाला देवळात नेऊन अंगारा लावला जाई, कुणाचा बाप गावभर विचारत सुटे, "पोरीला कुणी काय केलं?" मुलांना त्या रेषेची धास्ती होती. तनयाची रेषा तर सतत तळाशी असे. उन्मेष तिला पुन्हा पुन्हा बोलावी, आणि ती दर वेळी निवांत बसून त्याला खाडीच्या गोष्टी सांगे. हिचे दुःख फार खोल असले पाहिजे, असे त्याला वाटे.

दिवाळीची सुटी संपली, आणि वर्गात फक्त तिचीच थोरली उठवायची राहिली. त्या दिवशी ती केस नीट विंचरून आली होती. यंत्राचा दिवा लागला, मंदावला, पुन्हा लागला. मग यंत्राच्या छोट्या पडद्यावर शब्द आले: स्वर जुळत नाही.

"म्हणजे काय, सर?"

"नोंद अपुरी असेल. अजून थोडे दिवस..."

"वर्षभर घातलाय पट्टा. वर्गातल्या मंथनने तर उन्हाळ्यात काढून माळ्यावर टाकला होता, तरी त्याचा थोरला बडबडतो."

उन्मेषने पुन्हा प्रयत्न केला. दिवा लागला आणि मंदावला.

तनया खिडकीबाहेर पाहत होती. "नाहीच ना ती?"

"कोण?"

"थोरली. मी मोठी होतच नसेन, तर ती कुठून बोलणार?"

याच क्षणासाठी आपली नेमणूक झाली आहे, हे उन्मेषला कळत होते. "असं नसतं," तो म्हणाला. पण इतक्या हळू, की पंख्याने ते शब्द वरच्या वर उडवून नेले.

तनयाच उठली. त्याला संकोच वाटू नये म्हणून हसली. "जाऊ दे, सर. बाहेर मंथन ताटकळलाय, त्याला घ्या आत."

त्यानंतर ती कक्षात आली नाही. एकदा जिन्यात भेटली तेव्हा एवढेच म्हणाली, "सर, माझ्या अकरावीच्या प्रवेशाचं काही बघू नका हां." लाँचमध्ये ती पूर्वीसारखीच इंजिनाजवळ बसे आणि लोक पूर्वीसारखीच दप्तरे तिच्या मांडीवर ठेवीत. मात्र आता त्यांवरून तिचे डोळे दिसत नसत. ती मान खाली घालून पाण्याकडे पाहत असे.

मग एके दुपारी तिची आई आली. लुगड्याचा ओचा अजून ओला होता, पायांवर चिखल सुकत होता. खुर्चीवर बसायला ती तयार होईना.

"खुर्ची खराब होईल, सर. उभीच बरी." जरा वेळाने ती म्हणाली, "तुमची ती रेघ वर्षभर पडलेलीच होती. पण पोर हसत होती, जेवत होती. मी म्हटलं, यंत्र येडं आहे. आता रेघेचं सोडा. आता पोर हसत नाही."

"घरी काही बोलली?"

"बोलत नाही. आणि..." तिने पदर तोंडाशी नेला. "बुडी मारली की वर यायला उशीर लावते. आधी मी इथे हात घालीपर्यंत ती तिथे वर आलेली असायची. आता मी हाका मारते, पाण्याला काय ऐकू जातं? परवा रागावले तर म्हणते, आई, खाली बरं वाटतं. खाली पुढचं काही नसतं."

ती गेल्यावर उन्मेषने जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी लवकरात लवकर येण्याचे कबूल केले आणि तोवर मुलीला एकटी सोडू नका, तिच्याशी बोलत राहा, असे बजावले. बोलत राहा. खोलीत सांजेचा उजेड पाण्यासारखा चढत होता. त्याने सवयीने यंत्राकडे हात नेला.

"ये उन्मेष," थोरला म्हणाला. "दमलेला दिसतोस."

"मी तिला काय सांगू?"

"तिच्यापाशी जा. शब्द येतील. मलाही असेच येत गेले."

"पण तेव्हा, माझ्या वयाचा असताना, तिला काय सांगितलंस तू? काय म्हणालास?"

थोरला क्षणभर थांबला. "कुणाला?"

उन्मेषने वळून यंत्राकडे पाहिले.

"मला तुझ्या ठोक्यांपलीकडचं काही ठाऊक नाही रे," थोरला प्रेमाने म्हणाला. "तू तिला जे सांगितलंच नाहीस, ते मी कुठून आठवू?"

खाडीवर बगळ्यांची एक ओळ परतत होती. उन्मेष त्या थांबण्याचाच विचार करत राहिला. बोलण्याआधी थोरला थांबला होता तसाच तो स्वतःही थांबे: श्वास अर्ध्यावर अडकवून, चोरट्यासारखा. प्रत्येकाचे थांबणे निराळे असायला हवे. पण मंथनचा थोरला कसा थांबतो? लांब श्वास आत, मग जणू काही श्वास घ्यायचाच नाही अशी निश्चल शांतता, मग सावकाश, अखेरपर्यंत सोडलेला श्वास. आणि सुमैया काझीची थोरली? तीही तशीच. वर्गातल्या निम्म्या मुलांची मोठी माणसे एकाच लयीत श्वास घेत होती. त्याच्या ते कितीदा कानावर पडले होते. यंत्राचा काही दोष असेल, असे म्हणून त्याने ते सोडून दिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ओहोटीच्या वेळी, तो खाडीवर गेला. धुके अजून पाण्यावरून उठले नव्हते. दूरची होडी हवेत टांगल्यासारखी दिसत होती. तनयाची आई गुडघाभर चिखलात वाकली होती. तिने नुसती मान हलवून पलीकडे खूण केली. तिथे पाण्यावर एक वर्तुळ विरत होते.

उन्मेष काठाशी उभा राहिला. पाणी गुळगुळीत झाले, तरी ती वर येईना. एकदा वाटले, हाक मारावी. गळ्याशी आलेली हाक गळ्यातच राहिली. तेवढ्यात पाणी फुटले, डोके वर आले, आणि तिने श्वास सोडला: सावकाश, अखेरपर्यंत. मग लांब श्वास आत घेतला. मग पुन्हा बुडी मारण्याआधीची ती निश्चल शांतता.

तो श्वास त्याने वर्षभर ऐकला होता, इतरांच्या गळ्यांतून.

बूट न काढताच तो पाण्यात शिरला. "तनया!"

हाक त्याच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ मोठी होती. कांदळवनातून दोन बगळे उडाले. तनयाने वळून पाहिले आणि आश्चर्याने तिथेच उभी राहिली.

"सर, बूट!"

"असू देत. मंथनच्या थोरल्याला बुडी मारायला कुणी शिकवलं?"

तिच्या केसांतून पाणी ठिबकत होते.

"सुमैयाच्या थोरलीलाही येते. वर्गात निम्म्यांना येते. तुझा पट्टा कुणाकुणाच्या हातावर फिरलाय, तनया?"

"कुणाला सांगू नका, सर," ती कुजबुजली. "त्यांच्या घरी कळेल."

मग तिने सांगितले. सुरुवात लाँचमध्येच झाली होती. सुमैयाच्या घरी भांडण झाले होते आणि शनिवार जवळ आला होता. मनगट रिकामे दिसले तर बाई ओरडत. म्हणून सुमैयाने आपला पट्टा सोडून तनयाच्या मांडीवर टाकला, "धर गं जरा" म्हणाली, आणि तनयाचा पट्टा स्वतःच्या हाती बांधला. दिवसभर सुमैयाच्या पट्ट्याने तनयाचा संथ श्वास टिपला आणि सुमैयाची रेषा सरळ राहिली. मग मंथनने ऐकले. मग इतरांनी. ज्याचा दिवस वाईट, त्याने तिचा पट्टा घालायचा.

उन्मेषला सारे उलगडले. ज्यांच्या पट्ट्यावर वाईट दिवशी तनया उतरली होती, त्यांच्या नोंदीत एकच परकी लय मिसळली होती. यंत्राने ती त्यांचीच शांत होण्याची रीत समजून त्यांच्या मोठेपणात गुंफली. आणि तनयाच्या पट्ट्यावर सबंध वर्गाचे वाईट दिवस एकामागून एक येऊन बसले होते. इतक्या जणांतून एक माणूस यंत्राला जुळवता येईना. तिथे कुणी नव्हते असे नव्हते. तिथे फार गर्दी होती.

त्याने तिला हे सांगितले. जमेल तसे, अडखळत, चिखलात उभे राहून. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय," ती म्हणाली.

"नाही."

"वाटतंय तसं." आणि ती टोपली उचलून आईकडे चालू लागली.

शाळेत पोचल्यावर त्याने मंथन आणि सुमैयाला बोलावून घेतले. कुणाचे गुपित त्यांच्या घरी जाणार नाही, असा शब्द आधी दिला, आणि मग तनयाला काय वाटते आहे ते त्यांना सांगितले. सुमैयाच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. मंथन नाटेकर हा सदा चेष्टा करणारा मुलगा. तो मनगटावरचा पट्टा नुसता फिरवत राहिला. मधल्या सुटीत दोघांनी तनयाला अक्षरशः ओढत कक्षात आणले.

"एवढी शहाणी आहेस, तर थोरली उठली नाही म्हणून आम्हाला सांगायला काय झालं होतं?" सुमैया भांडायच्याच पवित्र्यात होती.

"सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

"हेच! हिला कधी काही होतच नाही!" मंथन म्हणाला. "आमच्या पोटात दुखलं तरी हिच्या गळ्यात, आणि ही मात्र महाराणी."

"गप रे, हत्ती."

"हत्ती तर हत्ती. तू बस आणि ऐक."

सुमैयाने आपला पट्टा यंत्रापाशी धरला. दिवा लागला आणि मंदावला नाही. खोलीत एका पोक्त, किंचित घोगऱ्या बाईचा आवाज आला.

"बोल गं, सुमैया."

"तुला खूप भीती वाटली की तू काय करतेस?"

उत्तराआधी थोरली थांबली. एक लांब श्वास आत आला. मग निश्चल शांतता. तिच्यात खिडकीबाहेरची सबंध खाडी मावली असती. मग सावकाश, अखेरपर्यंत, श्वास सुटला.

तनयाने खुर्चीची कड धरली. नकळत तिचाही श्वास त्याच वाटेने आत गेला, थांबला आणि त्याच वेळी सुटला.

"हे करते," थोरली म्हणाली. "मग भीती असते, पण जरा लांब बसलेली असते."

"ही..." तनया यंत्राकडे झुकली. "ही तर मी आहे."

"आणि आता मीसुद्धा तसंच करते," सुमैया म्हणाली. "खरी मी. गणिताच्या पेपराला. थोरलीचं ऐकून शिकले. ती कुणाकडून शिकली ते तू सांग."

मंथनने आपला पट्टा पुढे केला; पण तनया हातांची ओंजळ तोंडावर धरून रडत होती. तिला कुणी रडताना पाहिले नव्हते, त्यामुळे काय करावे हे दोघांनाही सुचेना. उन्मेषलाही सुचले नाही. तो फक्त उठला आणि पंखा बंद करून पुन्हा जागेवर येऊन बसला.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "सर, खरं सांगा. मी मोठी होणार, हे यंत्राला माहीत आहे?"

हो म्हणणे फार सोपे होते. खिडकीबाहेर भरतीचे पहिले पाणी चिखलातल्या रेषा एकेक करून भरत होते.

"नाही," उन्मेष म्हणाला. "यंत्राला कुणाचाच उद्या दिसत नाही. तुझा नाही, ह्यांचा नाही, माझाही नाही. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

"पण तुमचा थोरला आहे की."

"आहे. माझ्यापेक्षा फार छान बोलतो. पण काल त्याला तुझं नावसुद्धा माहीत नव्हतं."

तिला हसू आले. रडण्यातून वाट काढत आलेले, ओले हसू.

"मला माहीत आहे ते एवढंच," तो पुढे म्हणाला. शब्द हळू येत होते, पण येत होते. "सगळ्यांचं धरून धरून तुझे हात भरलेत. तुझं कुणाला द्यायचं, हे तू शिकलीच नाहीस. उद्या डॉक्टर बाई येणार आहेत. त्यांच्याशी बोल. आईशी बोल. या दोघांशी भांड. आणि मी आहे."

त्या संध्याकाळी तो मोरे बाईंच्या दालनात गेला आणि म्हणाला, की शनिवारची रेषा घरी जाणे बंद झाले पाहिजे. रेषा लपवण्यासाठी मुले दुःखच लपवू लागली आहेत.

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "पालक ओरडतील, खातू सर."

"ओरडू देत. त्यांची सभा बोलवा. मी बोलेन."

"तुम्ही?"

"मी."

बाईंनी दिनदर्शिका पुढे ओढली. मग त्यांनी सभेचा दिवस विचारला.

हिवाळा पुढे सरकला. डॉक्टर बाई दर आठवड्याला येऊ लागल्या आणि तनया त्यांच्याशी कधी पुष्कळ बोले, कधी मुळीच बोलत नसे. काही दिवस चांगले जात, काही नाही. नव्या पट्ट्यावर नवी नोंद सुरू करायची का, असे उन्मेषने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे सर. भेटेल तेव्हा भेटेल." त्यालाही आता संध्याकाळी थोरल्याची आठवण क्वचितच होई. यंत्रावर धूळ बसू नये म्हणून तो ते पुसून ठेवी, इतकेच.

एका सकाळी तो पुन्हा ओहोटीला खाडीवर आला. धुके तसेच होते. दूरची होडी तशीच हवेत टांगलेली. तनयाच्या आईने चिखलातून त्याच्याकडे पाहिले आणि प्रथमच हसली. पाण्यावर एक वर्तुळ उमटले, विरू लागले, आणि पुरते विरण्याआधीच तनयाचे डोके वर आले. तिने काठाकडे पाहिले. पुन्हा बुडी मारण्याऐवजी ती चालत बाहेर येऊ लागली.

टोपली काठोकाठ भरली होती. धक्क्याच्या पायऱ्यांशी शेवाळ होते. तिथे ती थांबली. उन्मेष पुढे झाला नाही. ती क्षणभर घुटमळली, जणू कधी न उच्चारलेले शब्द जिभेवर जुळवत होती.

"सर," ती म्हणाली, "धरा जरा."

त्याने दोन्ही हातांनी टोपली घेतली. ती ओली होती आणि वाटली होती त्याहून खूप जड होती. तिचे पाणी त्याच्या शर्टावरून, पँटवरून ओघळत बुटांत उतरले. तिने आभार मानले नाहीत. मोकळ्या हातांनी तनया शेवाळावरून एकेक पाऊल टाकत वर आली.